मुलगे लवकर वयात येत आहेत: सुदृढतेची खूण की वाढत्या वजनाचा इशारा?

मुलींच्या पाळीचे वय खाली आल्याची चर्चा नेहमी होते, पण मुलग्यांमध्ये तारखेने सांगता येईल अशी घटना घडत नसल्यामुळे त्यांच्यातील बदल नजरेआड राहतो. डेन्मार्कच्या कोपनहेगनमधील अभ्यासात १९९१-९३ मध्ये वृषणांची वाढ सरासरी ११.९२ व्या वर्षी सुरू होत होती, ती २००६-०८ मध्ये ११.६६ व्या वर्षी सुरू होऊ लागली. पंधरा वर्षांत तीन महिने म्हणजे फार नाही, हे खरे. पण मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) हिशेबात धरताच हा फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि मला काळजी वाटते ती त्याची. जगभरात ५ ते १९ वयाच्या मुलग्यांमधील लठ्ठपणा १९७५ मध्ये सुमारे १ टक्का होता, २०१६ मध्ये तो ८ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. पूर्वीच्या पिढ्या पुरेशा अन्नामुळे लवकर वाढल्या, हे स्वागतार्हच होते; आताच्या बदलाला मात्र मी प्रगती म्हणणार नाही.

प्रतिसाद १
आपला निष्कर्ष एका शहराच्या आकड्यांवर उभा आहे. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९४७ ते १९९६ या काळात जन्मलेल्या मुलग्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचे वय दर दशकामागे सुमारे दीड महिन्याने अलीकडे आल्याचे दिसले, आणि बालपणीचा बीएमआय वजा केल्यावरही त्यातील बराचसा बदल शिल्लक राहिला. शिवाय ही वाटचाल फार जुनी आहे. अठराव्या शतकात संगीतकार बाखच्या काळी जर्मनीतील लाइपझिगच्या गायकवृंदातील मुलांचा आवाज साधारण सतराव्या वर्षी फुटत असे, आणि युद्धाच्या वर्षांत हे वय आणखी वर गेल्याचे दिसते. उपासमार आणि आजारपण कमी झाले की शरीर आपल्या वेळेवर येते. त्यात इशारा शोधण्याची घाई कशासाठी?

प्रतिसाद २
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. अमेरिकेतील काही अभ्यासांत जास्त वजनाचे मुलगे लवकर, तर अतिलठ्ठ मुलगे उशिरा वयात आलेले आढळले, म्हणजे वजन आणि वेळ यांचे नाते सरळ रेषेत नाही. मोजण्याची पद्धतही पाहायला हवी. नुसत्या निरीक्षणाने ठरवलेला टप्पा आणि ऑर्किडोमीटरच्या (वृषणांचा आकार मोजण्याच्या मण्यांच्या माळेच्या) मण्यांशी ताडून ठरवलेले ४ मिलिलिटर आकारमान यांत मोठी तफावत पडू शकते, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नये.

धागाकर्ता
नाते वाकडे असले म्हणून वजन निर्दोष ठरत नाही. चरबीच्या पेशींतील अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामध्ये रूपांतर करते, आणि हाडांच्या टोकांची वाढ अखेर इस्ट्रोजेनच थांबवते. म्हणूनच लठ्ठ मुलगा दहाव्या वर्षी वर्गात उंच दिसतो, पण पौगंडावस्थेतील त्याची उंचीची झेप तोकडी पडते आणि ती आघाडी मोठेपणी उरत नाही. घरच्यांना केवळ सुरुवातीची उंची दिसते आणि ती पाहून ते निश्चिंत होतात, हे मला गंभीर वाटते.

प्रतिसाद ३
या सरासरीच्या वादात एक धोका आहे. "हल्ली सगळेच लवकर वयात येतात" असे म्हणून पालकांनी नवव्या वर्षाआधीची लक्षणे सोडून देऊ नयेत. मुलींमध्ये अशा लवकर सुरुवातीमागे बहुधा आजार सापडत नाही. मुलग्यांमध्ये मात्र मेंदूतील गाठ किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचा विकार निघण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून तपासणी लांबवू नये.