गॅसबत्तीची जाळी, धातूच्या तारेचा बल्ब आणि लायटरचा खडा: तिन्ही पेटंटं एकाच माणसाची?

जुनेदिवे

कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर गॅसबत्तीची जाळी (मेंटल), धातूच्या तारेचा विजेचा दिवा आणि लायटरचा खडा अशा तीन गोष्टी सांगितल्या जातात. प्रकाश, वीज आणि धातुकाम ही तीन वेगळी खाती झाली. हे खरंच एकाच माणसाचं काम आहे, की इतरांचं श्रेयही त्याच्या खात्यावर जमा झालंय? पेटंटमध्ये नेमकं काय होतं हे कुणी नीट सांगेल का?

जोडीला दोन कामाचे प्रश्न. जुन्या पेट्रोमॅक्सला नवी जाळी लावली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेटवताना तिला भोक पडतं, ते कशामुळे? आणि ही जाळी किरणोत्सारी असते म्हणतात, त्यात तथ्य किती?

---

दुर्मिळमृदा

तिन्ही त्याचीच. पण ही तीन वेगळी खाती आहेत असं मला वाटत नाही. जाळी आणि खडा एकाच वाळूतून निघाले, आणि बल्ब जाळीच्या धंद्यावर आलेल्या संकटातून.

आउअरचा जन्म १८५८ चा, व्हिएन्नाचा. हायडेलबर्गला बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला आणि तिथून दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (सेरियम, लँथेनमसारखे, एकमेकांपासून वेगळे करायला अवघड धातू) मागे लागला. तोवर ‘डिडिमियम’ हे एकच मूलद्रव्य समजलं जायचं. त्याच्या अमोनियम दुहेरी नायट्रेटचे स्फटिक पुन्हा पुन्हा पाडून १८८५ मध्ये त्याने त्याचे दोन भाग केले: प्रेझोडिमियम आणि निओडिमियम. एकदा स्फटिक पाडले की दोघांच्या प्रमाणात अगदी किंचित फरक पडतो, म्हणून तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. या माणसाचं खरं भांडवल ही चिकाटी होती. पेटंटं त्यातून पुढे आली.

हे क्षार ज्योतीत धरून पाहताना त्याने कापसाचं सूत द्रावणात भिजवून जाळलं. सूत जळून गेलं, पण ऑक्साइडचा सांगाडा सुताच्याच आकारात उभा राहिला आणि ज्योतीत झळाळला. जाळीचं मूळ ते. १८८५ च्या पहिल्या पेटंटातलं प्रसिद्ध मिश्रण म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड ६० टक्के, लँथेनम ऑक्साइड २० आणि यिट्रियम ऑक्साइड २०. प्रकाश हिरवट पडायचा, जाळी हात लावताच ढासळायची. आत्सगर्सडॉर्फला कारखाना काढला, तो १८८९ पर्यंत बंदही पडला.

पुढचं पाऊल जास्त शिकवून जातं. थोरियम ऑक्साइड वापरल्यावर उजेड चांगला पडू लागला, पण थोरियम जितकं शुद्ध करावं तितका उजेड कमी. म्हणजे उजेड थोरियमचा नव्हता, त्यातल्या अशुद्धीचा होता. ती अशुद्धी निघाली सेरियम. १८९१ मध्ये प्रमाण ठरलं: थोरियम ऑक्साइड ९९ टक्के, सेरियम ऑक्साइड १ टक्का. नोव्हेंबर १८९१ मध्ये व्हिएन्नात ऑपेराजवळच्या एका कॅफेबाहेर हे दिवे लागले, आणि पुढची शंभर वर्षं जाळीचं मिश्रण जवळजवळ तेच राहिलं.

हा एक टक्काच का? थोरियम ऑक्साइड तापलं तरी अवरक्त उष्णता फार कमी बाहेर टाकतं, म्हणून ज्योतीत ते खूप तापतं. पण दृश्य प्रकाशही फारसा देत नाही. सेरियम दृश्य प्रकाश देतं. ते कमी पडलं तर जाळी मंद राहते. जास्त झालं तर उष्णताही बाहेर पडू लागते, जाळीचं तापमान उतरतं आणि उजेड पिवळा व कमी होतो. दोन्ही बाजूंनी घसरण, मध्ये ही अरुंद जागा. ‘तापलेला ऑक्साइड उजेड देतो’ हे आउअरच्या आधीही माहीत होतं, चुन्याचा दिवा त्यावरच चालायचा. त्यामुळे पेटंटचा जीव कल्पनेत नाही, प्रमाणात आहे.

---

तारकाम

बल्बाचं मी लिहितो.

विजेचा दिवा गॅसच्या दिव्याला गिळणार हे आउअरला दिसत होतं, तरी त्या वेळच्या बल्बात कार्बनची तार होती. कार्बन फार तापवला की उडून काचेवर काळा थर धरतो, म्हणून तापमान वाढवता येत नाही आणि वीज फुकट जाते. त्याने ऑस्मियम हा धातू निवडला, वितळणबिंदू ३००० अंश सेल्सिअसच्या वर. अडचण अशी की ऑस्मियम ठिसूळ, त्याची तार ओढता येत नाही. १८९८ च्या सुमाराचं पेटंट मुख्यतः या अडचणीवरच्या प्रक्रियेचं आहे: ऑस्मियमची बारीक पूड साखरेसारख्या सेंद्रिय चिकट पदार्थात मळायची, बारीक छिद्रातून शेवयांसारखी दाबून काढायची, सुकवायची, हवा न लागू देता तापवून चिकट पदार्थाचा कोळसा करायचा, आणि मग पाण्याची वाफ व हायड्रोजन यांच्या वातावरणात वीज सोडून तो कोळसा घालवायचा. मागे उरते ती निव्वळ ऑस्मियमची तार.

शेवटची पायरी चुकली आणि कार्बन मागे राहिला, तर तार कमी तापमानाला वितळते. हवा शिरली तर ऑस्मियमचं टेट्रॉक्साइड होतं. ते सहज उडतं आणि डोळ्यांना अतिशय घातक आहे.

हे दिवे १९०२ पासून विक्रीला आले. एका मेणबत्तीएवढ्या उजेडाला कार्बनच्या दिव्याला तीन-साडेतीन वॉट लागत, याला साधारण दीड. पण ऑस्मियमचा विद्युतरोध कमी, त्यामुळे एक दिवा जेमतेम ३७ व्होल्टचा. ११० व्होल्टच्या लाइनवर तीन दिवे एकसरीत जोडावे लागत आणि एक गेला की तिन्ही विझत. तापल्यावर तार मऊ पडते, म्हणून दिवा तोंड खाली करूनच टांगायचा. धातू इतका दुर्मिळ की जळलेले दिवे कंपनी परत घ्यायची.

थोड्याच वर्षांत टंग्स्टनने त्याला बाजूला सारलं, आणि सुरुवातीची टंग्स्टनची तारही याच लगद्याच्या पद्धतीने निघायची. १९०६ मध्ये नोंदलेलं ‘ओसराम’ हे नाव ऑस्मियम आणि वोल्फ्राम, म्हणजे टंग्स्टन, यांच्या जोडणीतून आलंय. तेव्हा ‘बल्बचा शोध आउअरने लावला’ असं कुणी लिहिलं तर खोडा. ‘बाजारात टिकेल असा पहिला धातूच्या तारेचा दिवा’ एवढं श्रेय त्याचं.

---

दुर्मिळमृदा

खड्याचं राहिलं. जाळीसाठी थोरियम मोनाझाइट या खनिजाच्या वाळूतून काढतात. मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड ढोबळमानाने ५ ते १० टक्के, आणि सेरियम, लँथेनम, निओडिमियम वगैरेंची ऑक्साइडं मिळून साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक भाग माल काढला की मागे अनेक भाग गाळ. जाळ्यांचा खप वाढला तसे या गाळाचे ढीग वाढले, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

आउअरने त्या गाळाची क्लोराइडं करून, वितळवून त्यांचं विद्युतविघटन केलं. मिळाला तो मिश्रधातू, ‘मिशमेटल’: साधारण निम्मं सेरियम, बाकी लँथेनम, निओडिमियम, प्रेझोडिमियम. क्लोराइडात पाण्याचा अंश राहिला की ऑक्सिक्लोराइड होतं, ते वितळलेल्या क्षारात विरघळत नाही, भांड्यात चिखल साचतो आणि धातू एकत्र जमत नाही. म्हणून नवसागर घालून क्लोराइड सुकवायचं.

नुसता मिशमेटल मऊ असतो. कानस मारली तर ठिणगी जेमतेम. लोखंड घातलं की कठीण, ठिसूळ संयुगं तयार होतात आणि चाक फिरताच बारीक कण उडतात. हे कण दीडशे-दोनशे अंशांनाच हवेत पेट घेतात, तेवढी उष्णता घर्षणातून मिळते. १९०३ च्या पेटंटातलं प्रमाण सेरियम ७०, लोखंड ३०. इथेही पुन्हा प्रमाणच. कारखाना ऑस्ट्रियात कॅरिंथिया प्रांतातल्या ट्राइबाख इथं.

आपल्याकडचा धागाही आहे. १९०९ मध्ये त्रावणकोरहून जर्मनीला गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. त्यात थोरियम ब्राझीलच्या वाळूपेक्षा जास्त, म्हणून मनवलकुरिची भागातून ती वाळू युरोपातल्या जाळी कारखान्यांना जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत ट्रॉम्बे इथं १९५५ मध्ये थोरियमचा कारखाना सुरू झाला. तिथलं थोरियम नायट्रेट देशातल्या जाळीवाल्यांनाही मिळायचं.

---

वायसर_बदला

आता पेट्रोमॅक्सकडे. आधी एक दुरुस्ती: दाबावर चालणारी ही बत्ती आउअरची नाही, बर्लिनच्या एरिश आणि ग्रेट्स कंपनीची. आउअरची फक्त जाळी.

भोकाची कारणं बहुधा जाळी बसवण्यात असतात. चिनी मातीच्या नोझलच्या खाचेत जाळीचा बांधायचा दोरा बसला पाहिजे, चुण्या सगळीकडे सारख्या हव्यात. एका बाजूला चुण्या गोळा झाल्या की दुसऱ्या बाजूला कापड ताणलं जातं आणि भोक तिथेच पडतं. दोऱ्याची उरलेली शेपटी जवळून कापा, नाहीतर जळताना ती जाळीला चिकटून फाडते. नोझलला तडा असेल किंवा तो तिरका बसला असेल तर ज्योत एकाच जागी मारते. तो आधी बदला.

पहिलं जळणं सर्वांत महत्त्वाचं. स्पिरिटची वाटी भरून पेटवा आणि जाळी त्याच आचेत जळू द्या, काडी लावू नका. पहिल्यांदा वाटी दोनदा भरावी लागली तरी भरा. स्पिरिट विझत आलं की थोडा पंप मारून चावी उघडा. रॉकेलची वाफ जाळीला फुग्यासारखी फुगवते. त्या वेळी जो आकार येतो तो कायमचा. सुरकुतलेली जाळी तशीच घट्ट झाली की ती सुरकुती पुढे मोडतेच. पेटल्यावर पंप मारून दाबाचा काटा लाल रेघेपर्यंत न्या.

तुमची जाळी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फाटते म्हणजे माझा पहिला संशय कमी तापवण्यावर. रॉकेलची वाफ करणारी नळी पुरेशी तापली नसेल तर वाफेऐवजी द्रव रॉकेल येतं, पिवळी ज्वाळा भडकते आणि त्या धक्क्याने जाळी जाते. दुसरा संशय निपल (वाफ सोडणारं बारीक छिद्र) आणि ते साफ करणाऱ्या पिनवर. निपलचं छिद्र झिजून मोठं झालं की रॉकेल जास्त येतं, जाळीवर काजळी धरते. काजळी धरलेली जाळी बोटाने किंवा ब्रशने साफ करू नका. हवा-वाफेचं प्रमाण बरोबर आलं की ती आपोआप जळून जाते. निपल आणि मिश्रणनळी (जिथे वाफेत हवा मिसळते) यांच्यातलं अंतर तपासा. बत्तीसोबतच्या पान्यावर त्याचं माप कापलेलं असतं.

जळलेली जाळी म्हणजे नुसती राख आहे हे विसरू नका. पेटलेली बत्ती आपटत नेणं, काचेत शिरलेला पावसाळी किडा, पाण्याचा थेंब, यातलं एकही पुरतं. भोक पडलं की ताबडतोब जाळी बदला, कारण भोकातून निघालेली ज्योत थेट काचेवर आदळते आणि काच तडकते.

पंप मारूनही दाब चढत नसेल तर पंपाचा चामड्याचा वायसर वाळलाय. खोबरेल तेलात भिजवून बोटाने पसरवा. पंपाच्या नळीत रॉकेल येत असेल तर मात्र तळाचा वाल्व्ह गेलाय, वायसर बदलून उपयोग नाही. आणि रॉकेल मिळत नाही म्हणून पेट्रोल कधीच घालू नका.

---

दुर्मिळमृदा

किरणोत्साराबद्दल. थोरियमच्या जाळीत काहीशे मिलिग्रॅम थोरियम असतं. ते मुख्यतः अल्फा कण सोडतं, जे त्वचेतून आत जात नाहीत. जवळ बसून बत्ती वापरण्यात घाबरण्यासारखं काही नाही. धोका श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाणाऱ्या राखेचा. थोरियमच्या किरणोत्सारातून तयार झालेली रेडियमसारखी जी मूलद्रव्यं (‘अपत्यं’) जाळीत साचलेली असतात, त्यांतली काही पहिल्या जळण्यात वाफेबरोबर निघतात. म्हणून पहिलं जळणं उघड्यावर करा आणि स्वतः वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. फुटलेली जाळी फुंकून उडवू नका, झाडूही मारू नका. ओल्या कागदाने टिपून पिशवीत बंद करा, हात धुवा. मुलांच्या हाती देऊ नका.

आता यिट्रियमच्या जाळ्याही मिळतात. त्यांना हा प्रश्न नाही, पण उजेड कमी आणि किंचित पिवळा. पाकिटावर काहीच लिहिलं नसेल तर थोरियम आहे असं धरून चाला.

---

जुनेदिवे

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. नोझल तिरकाच बसलाय आणि खाचेजवळ टवकाही उडालाय, तो बदलतो. एक शेवटचं: स्वयंपाकघरातल्या टिकटिक लायटरमध्येही हाच खडा असतो का?

---

तारकाम

नाही. त्यात दाबल्यावर वीज निर्माण करणारं सिरॅमिक असतं, ठिणगी विजेची असते, खडा बदलायचा प्रश्नच येत नाही. आउअरचा खडा मिळेल तो चाकाच्या सिगारेट लायटरमध्ये आणि वेल्डिंगवाल्यांच्या वाटीच्या चकमकीत.

तो बदलताना एकच गोष्ट सांभाळा. दमट हवेत सेरियम गंजून फुगतं, आणि वापराविना पडलेल्या लायटरमध्ये खडा नळीत घट्ट अडकतो. स्क्रू काढून स्प्रिंग बाहेर घ्या आणि त्याच बाजूने बारीक ड्रिल बिट हातानेच फिरवत भुगा काढा. मशीनचं ड्रिल लावलं तर भुगा पेटतो, आणि टाकीत इंधन असेल तर तेही. सुटे खडे कोकणासारख्या हवेत ठेवायचे असतील तर घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.