काट्याचा अंदाज आणि श्वासाचे मोजमाप

व्यायामशाळेतील वजनकाट्याने छापून दिलेल्या विश्रांतीच्या चयापचय दराला (निवांत पडलेले शरीर दिवसभरात किती उष्मांक खर्च करते, त्या आकड्याला) अनेकदा 'तपासणी' म्हटले जाते, तेथे थोडी दुरुस्ती सुचवतो. तो काटा अंगातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून चरबी-स्नायूंचा अंदाज बांधतो आणि उष्मांक सूत्राने काढतो. खरी चाचणी श्वासाची असते: उपाशीपोटी, पंधरा-वीस मिनिटे निवांत पडून राहिल्यावर, मास्क किंवा पारदर्शक घुमटातून किती ऑक्सिजन खर्ची पडला हे मोजतात आणि लिटरमागे सुमारे 5 किलोकॅलरी धरतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये मी सात रस्ता चौकातून सायकल हाणत, वर चहा पिऊन या चाचणीला पोचलो, तेव्हा तंत्रज्ञाने (योग्यच केले) परत पाठवले. दुसऱ्या खेपेस रिक्षाने गेलो. आकडा काट्यापेक्षा दिवसाला 180 किलोकॅलरींनी कमी निघाला, म्हणजे शेंगाचटणीसह साधारण एका भाकरीचा फरक.