रोजची पँट: रेडीमेड घ्यावी की शिवून?

सांगलीकर
रेडीमेड पँट घेताना आपण दोनच आकडे बघतो, कंबर आणि लांबी. पण दिवसभर खुर्चीत, दुचाकीवर, घरी मांडी घालून बसणाऱ्याला पँट काचते ती आसनात, म्हणजे कमरेच्या पट्टीपासून दोन पायांच्या शिवणी जुळतात तिथपर्यंतच्या उंचीत. आणि मग सीट-मांडीच्या घेरात. स्लिम फिटच्या नादात आसन इतकं आखूड झालंय की बसलं की मागून पँट उतरते आणि पुढून पोट दाबलं जातं. कंबर मोठी घ्यावी तर मांडीत पोतं! शिंपी ही सगळी मापं वेगवेगळी घेतो. रोजची पँट शिवूनच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

ठाणेकर
अजिबात पटलं नाही. असा शिंपी उरलाय कुठे? आमच्याकडे गणपती ते दिवाळी नवीन काम घेत नाहीत, घेतलं तर हेलपाटे. रेडीमेड पँट ट्रायल रूममध्ये घालून उकिडवं बसून बघता येते. नाही जमली तर ठेवून द्यायची. शिवलेली बिघडली तर कापडही गेलं आणि शिलाईही. शिवाय कापडात दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलं तरी बसता-उठता खूप फरक पडतो.

उसवण
मी अल्टरेशनची कामं करते. सीट आणि मांडीत सैल बसेल ती पँट घ्या. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते. फार घेतली तर मागचे खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, तेवढं सांभाळावं लागतं. सैल करायची असेल तर त्याच शिवणीत मार्जिन, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, हवं, म्हणून घेण्याआधी पँट उलटी करून बघा. आखूड आसन मात्र वाढवता येत नाही. तिथे जोडायला कापडच नसतं.

ठाणेकर
म्हणजे रेडीमेडच, फक्त थोडी दुरुस्ती. मी तेच म्हणतोय.

सांगलीकर
ताईंचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आसनच आखूड असेल तर दुरुस्ती काय करणार?

सोलापुरी
इथे युनिफॉर्मच्या धंद्यात आहे. कारखान्यात एक नमुना पक्का करून बाकीचे साइज त्यावरून वाढवतात. कंबर वाढली की मांडीही ठरलेल्या प्रमाणात वाढते. माणसं तशी वाढत नाहीत. त्यात आपल्याकडचे साइजचे बरेच तक्ते परदेशी मापांवरून आलेले. म्हणूनच निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडियासाइज' प्रकल्पात मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचं काम हाती घेतलं. तरी तक्ता म्हणजे सरासरीच. मोठं पोट आणि बारीक पाय असलेल्याने शिवूनच घ्यावी. बाकीच्यांना रेडीमेड चालते.

सांगलीकर
शिवणार असाल तर सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. माप देताना रोजची चप्पल पायात, फोन-पाकीट खिशात ठेवा. सीटचं माप बसूनही घ्यायला सांगा. उभ्याने घेतलेलं कमी पडतं.

ठाणेकर
आठ तास नोकरी आणि लोकलचा प्रवास करून हे सगळं कधी करायचं? ठाणे-मुलुंड भागात कच्ची शिलाई घालून ट्रायल देणारा कोणी असेल तर सांगा, एक पँट टाकून बघतो. तोवर रेडीमेडच.