‘सरदेसाई मंडळी’ ग्रुप: भाऊंचा रिपोर्ट

मिलिंद: भाऊंचा जीन टेस्टचा रिपोर्ट आज परळला हातात मिळाला. बीआरसीए २ नावाच्या जीनमध्ये दोष निघालाय, जन्मजात. डॉक्टर म्हणाले रक्ताच्या नात्यात सगळ्यांना कळवा, म्हणून इथे टाकतोय.

नंदूकाका: अरे तो बायकांचा ना, छातीच्या कॅन्सरचा? भाऊला प्रोस्टेटचा आहे. रिपोर्ट बदलला असेल बघ 🙏

केतकी: काका, नाव ब्रेस्टवरून पडलं, जीन पुरुषांतही असतंच. तुटलेला डीएनए सांधायचं काम त्याचं. ते बिघडलं की स्तन, अंडाशय, स्वादुपिंड, प्रोस्टेट, सगळीकडे धोका वाढतो. आणि यातला प्रोस्टेटचा जरा दांडगाच असतो, लवकर पसरतो.

सुहास: पण आपल्याकडे कोणालाच नव्हता

वंदनाआत्या: होता. आईला. बाहेर अल्सर सांगायचो. गाठ फुटली तेव्हा ती ब्लाउजमध्ये रुमालाची घडी ठेवायची. ते रुमाल मी धुवायचे. चाळीत गॅलरीतल्या दोरीवर दिसायला नकोत म्हणून मोरीतच वाळत घालायचे. ४९ व्या वर्षी गेली.

मिलिंद: आत्या, हे कधी बोलली नाहीस

वंदनाआत्या: कोणी विचारलं?

नंदूकाका: ग्रुपवर कशाला हे सगळं? ऋतुजाला स्थळं बघतोय मी.

केतकी: मग तर ऋतुजाला आधी कळायला हवं. भाऊ, तुम्ही, आत्या सख्खी भावंडं, म्हणजे तुम्हा दोघांनाही निम्मी शक्यता. तुमच्यात असेल तर तिच्याकडे पुन्हा निम्मी. बापाकडूनही येतो हा. तुमच्यात नसेल तर तिथेच थांबला, पिढी ओलांडून उडी मारत नाही.

नंदूकाका: माझं पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, ३.६ आहे. लॅबने ४ पर्यंत नॉर्मल छापलंय.

केतकी: बीआरसीएवाल्या पुरुषांवर इम्पॅक्ट नावाचा अभ्यास झाला, त्यात ३ च्या वर गेलं की बायोप्सी सुचवत होते. पण घाबरू नका, प्रोस्टेटची ग्रंथी नुसती वाढली तरी पीएसए चढतं. आधी जीन बघू. भाऊंचा दोष माहीत आहे, तेवढाच शोधायचा, बऱ्याच जीन्सचं अख्खं पॅनल नको. स्वस्तात होतं. मिलिंद, दोषाचं नाव आहे ते पान पाठव.

मिलिंद: पाठवतो. भाऊंना या दोषामुळे पुढे ओलापॅरिब या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या चालू शकतील म्हणे. किंमत ऐकून मी तिथल्या बाकावरच बसलो.

सुहास: मी ४१ चा. मला?

केतकी: आधी तुझी आई, म्हणजे आत्या. तिच्यात नसेल तर तू सुटलास. तुझ्यात निघाला तर मात्र पीएसए आतापासूनच, दरवर्षी.

नंदूकाका: (हा मेसेज डिलीट केला)

वंदनाआत्या: नंदू, पुसलंस ते मी वाचलं. शनिवारी दोघं जाऊ. परळला पुलावर थांब.

नंदूकाका: उपाशीपोटी लागतं का?

केतकी: नाही काका. चहा पिऊन या.