लाळ खरंच अन्न पचवते, की नुसता घास ओला करते?

चिकित्सक चंपू: 'पचनाची सुरुवात तोंडात होते' हे शाळेपासून डोक्यात बसलंय. मला तर हे लाळेचं फाजील कौतुक वाटतं. घास तोंडात राहतो जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात लाळेतलं अमायलेज (स्टार्च फोडणारं विकर) किती स्टार्च फोडणार? पुढे जठरात पीएच १.५ ते ३.५, म्हणजे तीव्र आम्ल, तिथे ते निकामीच. खरं काम लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या अमायलेजचं. लाळ म्हणजे वंगण. बोला.

मंदाग्नी: निकामी होतं, पण लगेच नाही. गिळलेलं अन्न जठराच्या वरच्या भागात साचतं. घुसळण होते ती मुख्यतः खालच्या भागात. ढिगाच्या आतपर्यंत आम्ल पोचायला कधी कधी तासभर लागतो आणि तोवर अमायलेजचं काम आत चालूच असतं. ३०-४० टक्के स्टार्च याच काळात फुटतो, असा अंदाज शरीरशास्त्राच्या पुस्तकांत देतात. आणि तुमचा पीएच रिकाम्या पोटाचा आहे हो. जेवण पडलं की तो बराच वर चढतो.

चिकित्सक चंपू: बरं, चालू दे तासभर. नाही चाललं तर काय बिघडतं? ज्यांच्या तोंडाला कोरड पडते त्यांचे दात किडतात, घास उतरत नाही. स्टार्च पचत नाही अशी तक्रार कुणी करतं का?

घटपटादी: हा निकष लावायचा तर जठरही काढून टाका की! कर्करोगात खरोखर काढतात. माणसं थोडं थोडं खाऊन जगतात, प्रथिनं स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन फोडतं. अडतं ते बी१२ जीवनसत्त्वापाशी. ते शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर जठरातच तयार होतो, म्हणून मग इंजेक्शनं. आता जठररसही वंगण म्हणायचा का?

मंदाग्नी: शिवाय रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह विसरू नका (नोबेल, १९०४). त्याने प्रयोगासाठी कुत्र्यांच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी छेद दिला होता; खाल्लेलं अन्न तिथूनच बाहेर पडायचं, पोटात कणही नाही, तरी जठररस स्रवायचा. चव लागली की मेंदू व्हेगस नसेमार्फत जठराला कामाला लावतो. आणि लाळेत विरघळल्याशिवाय चव लागत नाही.

चिकित्सक चंपू: श्रेय चवीचं. नुसत्या वासानेही जठररस सुटतो, तिथे लाळ काय करते?

निशाचर: दिवसाला एक ते दीड लिटर लाळ, आणि तुमचं आपलं 'नुसतं वंगण'! तिच्यातलं बायकार्बोनेट अन्ननलिकेत चढलेलं आम्ल शमवतं. झोपेत लाळ जवळपास थांबते, म्हणून रात्रीची जळजळ जास्त रेंगाळते. तान्ह्या बाळांचंही बघा. पहिले काही महिने त्यांच्या स्वादुपिंडाचं अमायलेज नगण्य असतं, मदार लाळेवर आणि आईच्या दुधातल्या अमायलेजवर.

चिकित्सक चंपू: आम्ल शमवणं हे संरक्षण झालं, पचन नव्हे. बाळांचा मुद्दा तगडा आहे. पण मोठ्या माणसाचं एखादं उदाहरण द्या.

मंदाग्नी: घ्या. स्वादुपिंड निकामी झालेला रुग्ण. चरबी न पचता मलातून पडू लागते, स्टार्चचं पचन मात्र त्या मानाने तग धरतं. स्वादुपिंड बंद असताना तिथे अमायलेज कुठून येतं?