जो फ्रेझर विरुद्ध केन नॉर्टन : न झालेली लढत कोणी जिंकली असती?

डावाहूक

सत्तरच्या दशकातील हेवीवेट (सर्वांत वजनदार गटातील) मुष्टियुद्धाची चर्चा मुहम्मद अली, जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन या तिघांभोवतीच फिरते. मला मात्र त्या काळातील एक न झालेली लढत अनेक वर्षे अस्वस्थ करते आहे. फ्रेझरने ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीला हरवले. नॉर्टनने ३१ मार्च १९७३ रोजी सॅन डिएगोत अलीला हरवले आणि त्याचा जबडाही मोडला. फोरमनने फ्रेझर आणि नॉर्टन या दोघांचाही निकाल दोन-दोन फेऱ्यांत लावला. हे दोघे मात्र एकमेकांसमोर कधीच उभे राहिले नाहीत. प्रशिक्षक एडी फच यांचा हात दोघांच्याही पाठीवर होता, दोघे मित्र होते आणि सरावात नॉर्टन फ्रेझरचा जोडीदार असे. लढत पंधरा फेऱ्यांची धरली, तर आपल्या मते कोण जिंकले असते? फोरमनच्या निकालांवरून काहीच ठरत नाही, म्हणून दोघांच्या खेळण्याच्या पद्धतीवरून सांगावे, ही विनंती.

पंधरावीफेरी

माझे मत निःसंशय फ्रेझरच्या बाजूने आहे. नॉर्टनने अलीला अडचणीत आणले त्यामागे फच यांची एक साधी शिकवण होती : अलीने जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकला की त्याच क्षणी आपणही जॅब टाकायचा, कारण तो अडवण्यासाठी अलीचा उजवा हात जागेवर नसतो. ही युक्ती लांबून जॅब टाकणाऱ्या उंच प्रतिस्पर्ध्यासाठी होती. फ्रेझर लांब उभा राहतच नाही. तो कमरेतून वाकत, डोके डावीकडे-उजवीकडे हलवत जॅबखालून आत शिरतो आणि छातीला छाती लागेपर्यंत थांबत नाही. नॉर्टन उजवा पाय मागे ओढत पुढे सरकणारा योद्धा होता. पुढे जाताना तो भारी पडे, पण मागे रेटला गेला की त्याच्या ठोशांतला जोर निघून जाई. कॅराकासमध्ये फोरमनसमोर नेमके हेच झाले.

फ्रेझरच्या डाव्या हाताविषयीही सांगायला हवे. लहानपणी मोडलेला तो हात नीट जुळला नाही आणि कधी पूर्ण सरळ होऊ शकला नाही. जणू हूकसाठीच, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशासाठीच, वाकवून ठेवलेला. पहिल्या अली लढतीची पंधरावी फेरी पाहावी. हूक बसतो, अली पाठीवर पडतो, पाय वर उडतात आणि बुटांचे लाल गोंडे हवेत उसळतात. चौदा फेऱ्या खेळून झाल्यावरचा तो ठोसा आहे.

कोपऱ्यातला

वरील प्रतिसादातील पद्धतीचे विश्लेषण मला पटते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. फ्रेझरला सुरुवातीला लय सापडायला वेळ लागत असे. १९६६ मध्ये ऑस्कर बोनाव्हेनाने दुसऱ्याच फेरीत त्याला दोनदा खाली पाडले होते, आणि ती लढत फ्रेझरने दहा फेऱ्यांनंतर पंचांच्या विभाजित निर्णयाने कशीबशी जिंकली. नॉर्टनच्या हातांची पोहोच सुमारे सात इंचांनी अधिक होती आणि वाकून आत येणाऱ्या माणसासाठी त्याच्याकडे चांगला अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) होता. जेरी क्वारीही पुढे येऊन झुंजणारा होता. १९७५ मध्ये नॉर्टनने त्याला पाचव्या फेरीत थांबवले. त्याआधीच्या वर्षी फ्रेझरनेही क्वारीला पाचव्याच फेरीत थांबवले होते. त्यामुळे दाब आला की नॉर्टन कोलमडतो, असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दमाविषयी शंका असेल, तर ९ जून १९७८ ची लॅरी होम्सविरुद्धची लढत आठवावी : पंधरा फेऱ्या, आणि पराभव एका गुणाने.

पंधरावीफेरी

क्वारीचे उदाहरण योग्य आहे, परंतु १९७५ चा क्वारी बराच झिजलेला होता.

रिंगणाबाहेर

वर्ष ठरवल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. अलीशी झालेल्या पहिल्या लढतीनंतर फ्रेझरला रुग्णालयात राहावे लागले आणि त्यानंतरचा फ्रेझर मला पूर्वीइतका धारदार कधीच दिसला नाही. १९७१ मध्ये नॉर्टनला मात्र फारसे कोणी ओळखतही नव्हते. दोघांच्या बहराचा काळ जुळतच नाही. १९७५ चा सामना असता, तर मी नॉर्टनला पसंती दिली असती.

डावाहूक

वर्षाची सूचना मान्य आहे. १९७१ च्या मार्चमधला फ्रेझर आणि १९७३ च्या मार्चमधला नॉर्टन समोरासमोर ठेवून मी पुन्हा विचार केला. पहिल्या चार फेऱ्या मी नॉर्टनला देईन, आणि त्यांत फ्रेझर एकदा खाली बसला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. सहाव्या-सातव्या फेरीपासून बरगड्यांवरचे हूक नॉर्टनची कोपरे खाली ओढू लागतील, तो दोरांकडे सरकू लागेल, आणि तिथून पुढे येण्यासाठी लागणारी जागा फ्रेझर त्याला देणार नाही. माझा निकाल : फ्रेझर, गुणांवर, पण अगदी थोड्या फरकाने.