अनुभव धागा: रंगवलेल्या मिनिएचर्सवरचं व्हार्निश आणि न सुकणारे थर

रंगवून झालेल्या मिनिएचरवर, म्हणजे छोट्या आकृतीवर, व्हार्निशचा हात मारायला फारसा वेळ लागत नाही, पण तो बिघडला तर आधीची सगळी मेहनत त्याच्याखाली जाते. २८ मिलिमीटरच्या आकृतीचा चेहरा रंगवायला अख्खी संध्याकाळ लागते आणि मॅट (बिनचमकेच्या) व्हार्निशचा एक चुकीचा फवारा तो चेहरा क्षणात पांढुरका करतो. कधी वरून सगळं ठीक दिसतं, पण कित्येक आठवड्यांनीसुद्धा बोट लावलं की चिकटतं. अशा वेळी तुम्ही काय केलंत, कशाने सुटलं, कशाने नाही, हे इथे लिहा.

एक विनंती आहे. नुसतं ‘सुकत नाही’ एवढंच सांगू नका. आकृती कशाची आहे (कडक प्लास्टिक, मऊ पीव्हीसी, रेझिन, धातू), खाली रंग कोणता, व्हार्निश पाण्यातलं की सॉल्व्हंटमधलं (रासायनिक द्रावकातलं), ब्रशने लावलं की फवारलं, आणि त्या दिवशी हवा कशी होती, हे सगळं लिहा. अॅक्रिलिकमधलं पाणी उडून जातं, तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, यूव्ही रेझिन प्रकाशाने कडक होतं. पंखा लावला तर पहिल्याला मदत होते, तिसऱ्याला काहीच फरक पडत नाही. म्हणून कारण ठरवल्याशिवाय उपायाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मी करते. पांढुरकेपणा आला की मी आधी एक तपासणी करते. स्वच्छ ब्रशने त्या डागावर पाण्याचा एक थेंब ठेवते. ओलं असेपर्यंत खालचा रंग पूर्ववत दिसला, तर रंगाला काही झालेलं नाही. व्हार्निशचा पृष्ठभाग खडबडीत झालाय आणि त्यावर प्रकाश विखुरतोय, एवढंच. अशा आकृतीला कोरड्या हवेत ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत व्हार्निशचा, पातळ हात द्यायचा. तो खाचा भरून काढतो आणि पांढुरकेपणा बहुतेक वेळा तिथेच नाहीसा होतो. ग्लॉस पूर्ण सुकल्यावर पुन्हा मॅट. काळे झगे आणि गडद निळे रंग यांवर हा दोष सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून तपासणीही तिथेच करावी.

*

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे वरच्या पांढुरकेपणामागचं एक कारण सांगतो. स्प्रे कॅनमधलं सॉल्व्हंट फार वेगाने उडतं आणि उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं. हवा दमट असेल तर थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव धरतं तसंच आकृतीवर धरतं, फक्त इथे ते ओल्या थरात अडकतं. थर दुधाळ होतो.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असताना मी निर्धास्तपणे फवारतो. ७० च्या वर गेली की सॉल्व्हंटवाला कॅन बाहेरच काढत नाही, ब्रश आणि पाण्यातलं व्हार्निश घेतो. साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा, अंदाजाने ठरवू नका.

मॅट व्हार्निशबद्दल आणखी एक. चमक घालवण्यासाठी त्यात बहुधा सिलिकाची बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. नीट ढवळली नाही तर वरचं व्हार्निश चमकतं आणि तळाचं उरलेलं पांढरे डाग पाडतं. एकाच बाटलीबद्दल दोन माणसं अगदी उलट तक्रार करतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. कॅनमधली गोळी खुळखुळायला लागल्यानंतरही किमान दोन मिनिटं तो हलवत राहावा.

आणि माझी सगळ्यात उपयोगी सवय: सुटे भाग कापून उरलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमचा एक तुकडा मी आकृतीबरोबरच रंगवतो. तोच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), तोच रंग, त्याच दिवशी. व्हार्निश आधी त्या तुकड्यावर. सुकलंय का हे बघायला नखही त्यावरच टोचायचं, चेहऱ्यावर नाही.

*

माझा विषय मऊ पीव्हीसी. बोर्डगेमसोबत येणाऱ्या, वाकवल्या तरी न मोडणाऱ्या आकृत्या. भाच्यासाठी रंगवलेला असा एक अख्खा संच माझ्याकडे आला तेव्हा प्रत्येक आकृतीला हात लावला की बोटाचे ठसे उमटत होते. खाली सॉल्व्हंटचा प्रायमर होता. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. तो हळूहळू पृष्ठभागाकडे येतो आणि वरच्या थराला मऊ करत राहतो. शिवाय सॉल्व्हंट स्वतःही त्या प्लास्टिकशी छेडछाड करतं. उन्हात ठेवा, पंख्याखाली ठेवा, हा चिकटपणा सुकण्याचा नाहीच, त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पाण्यातल्या अॅक्रिलिक व्हार्निशचे पातळ हात एकावर एक दिले, मध्ये रात्रभराचं अंतर ठेवून. बऱ्याच आकृत्या सुधारल्या. ज्यांचा प्रायमर जाड होता त्या मात्र सुधारल्या नाहीत, त्यांचा रंग उतरवून पहिल्यापासून सुरुवात केली. टाल्कम पावडर चोळा, असा सल्ला बरेच जण देतात. तिने चिकटपणा झाकला जातो, जात नाही, आणि पावडर खाचांत बसून राहते. मी तो मार्ग कुणालाच सुचवणार नाही.

आता पीव्हीसीवर पहिला थर नेहमी पाण्यातल्या रंगाचा, ब्रशने. त्याआधी कोमट पाणी आणि साबणाने धुणं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ राहिला तर पुढे पोपडे निघतात. रेझिनच्या आकृत्यांनाही हे तितकंच लागू आहे.

*

ब्रशवाल्यांसाठी थोडक्यात. पाण्यातल्या व्हार्निशची बाटली जोरात हलवू नये, फेस होतो आणि बुडबुडे थेट आकृतीवर जातात. सळईने ढवळावी. खाचेत साचलेलं व्हार्निश पांढरं राहतं, ते ओलं असतानाच स्वच्छ, जेमतेम ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावं. सुकायला लागल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की थर ओढला जातो आणि खुणा राहतात. एकदा पुढे गेलात की मागे वळून त्याच जागी यायचं नाही.

*

मी ५४ आणि ७५ मिलिमीटरच्या ऐतिहासिक सैनिकांच्या आकृत्या रंगवतो, चेहरे तैलरंगात. इथल्या तरुण मंडळींना तैलरंग फार संथ वाटतो हे मला ठाऊक आहे, पण त्वचेच्या छटा ओल्यात ओल्या मिसळण्याचं सुख दुसऱ्या कुठल्याही रंगात मला मिळालेलं नाही. त्यासाठी सुकण्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा लागतो.

तैलरंगातून पाण्यासारखं काही उडून जाऊन तो सुकत नाही. जवसाचं तेल ऑक्सिजन घेऊन कडक होतं. वरची साय आधी धरते आणि आतला भाग मागे राहतो. त्यावर घाईने व्हार्निश मारलं की आतल्या थराची हालचाल चालूच राहते. मग सुरकुत्या पडतात, तडे जातात किंवा चमक ठिकठिकाणी वेगळी दिसते.

सगळे रंग एकाच वेळी सुकत नाहीत, हे मला फार उशिरा कुणीतरी समजावलं. अंबर वर्गातले तपकिरी रंग लवकर धरतात, कारण त्यातलं मँगनीज सुकण्याला वेग देतं. आयव्हरी ब्लॅक आणि अॅलिझरिन लाल रेंगाळतात. म्हणून एकाच आकृतीचा चेहरा कोरडा आणि काळे बूट ओले, असं होतं. व्हार्निशची वेळ नेहमी सगळ्यात संथ रंगावरून ठरवावी.

ट्यूबमधला रंग मी आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवतो. पुठ्ठा जास्तीचं तेल शोषून घेतो. उरलेला रंग लवकर सुकतो आणि चमकतही कमी. रंगवलेली आकृती धूळ बसू नये म्हणून झाकतो, पण हवाबंद डब्यात नाही. ऑक्सिजनच तोडला तर सुकणार कसं? अंधाऱ्या कपाटापेक्षा उजेडाची, उबदार जागा बरी.

अॅक्रिलिकवर तैलरंगाचा वॉश (खाचांत उतरणारा, पातळ केलेला रंग) देणाऱ्यांनी मध्ये सॅटिनचा (मध्यम चमकेचा) किंवा ग्लॉसचा हात द्यावा. तैलरंग पातळ करायचं व्हाइट स्पिरिट नीट सुकलेल्या अॅक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही, पण या थरामुळे वॉश हवा तिथे वाहतो आणि नको तिथला पुसता येतो. उलट क्रम मात्र कधीच नको: इनॅमल किंवा तैलरंगाच्या ताज्या थरावर लॅकरचा जोरदार फवारा. त्यातलं तिखट सॉल्व्हंट खालचा थर फुगवतं आणि त्याच्या सुरकुत्या होतात. त्या परत सपाट होत नाहीत.

*

एका हातात रंग आणि सावली दोन्ही देणारे पातळ रंग वापरणाऱ्यांनो, त्यांतले काही सुकल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतात. ब्रशने व्हार्निश लावताना लाल झगा शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर पसरतो. बाटलीवर काय लिहिलंय त्यावर न जाता वाया गेलेल्या तुकड्यावर ओला ब्रश घासून बघा. रंग उतरला तर पहिला हात फवाऱ्याचाच, तोही धुक्यासारखा हलका. तो थर धरला की पुढे ब्रश चालतो. मार्कर पेनने काढलेल्या रेघांनाही हीच काळजी घ्यावी.

*

ग्लॉस दिलेल्या आकृत्या उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात, याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा न सुकण्याचा प्रकार नाही. पुष्कळशी अॅक्रिलिक व्हार्निशं पूर्ण सुकल्यावरही उष्ण हवेत थोडी मऊच राहतात. त्यात आकृत्या बबलरॅपमध्ये गुंडाळून ठेवल्या की बुडबुड्यांचे गोल छाप उठतात, आणि वर्तमानपत्रात गुंडाळल्या तर शाई चिकटते. शेवटचा हात मॅटचा किंवा सॅटिनचा दिला की पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत होतो आणि चिकटणं पुष्कळ कमी होतं. मी तर तळाला लोहचुंबक लावून आकृत्या पत्र्याच्या डब्यात उभ्याच ठेवते. अंगाला काही लागतच नाही.

रंग लवकर सुकू नये म्हणून रिटार्डर मिसळणाऱ्यांनी प्रमाण सांभाळावं. ग्लिसरीन असलेलं मिश्रण जास्त झालं तर तो थर आठवडे गेले तरी बोटाला लागतो, कारण ग्लिसरीन जवळजवळ उडतच नाही. त्यावर व्हार्निश चढवून प्रश्न सुटत नाही, आत कोंडला जातो.

*

प्रश्न: एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) मॅट दिल्यावर पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत लागतोय. पांढरा नाही. काय करू?

*

वरच्या प्रश्नाला: थेंब हवेतच सुकून आकृतीवर पूड म्हणून बसतायत. जवळ या, दाब उतरवा. मी व्हार्निशला २० पीएसआयच्या आसपास राहतो, आणि ०.२ ऐवजी ०.४ मिलिमीटरचं नोझल लावतो, बारीक नोझल मॅटच्या पुडीने तुंबतं. त्याच व्हार्निशच्या कंपनीचा थिनर थोडा घाला. झालेलं काम अगदी बारीक सँडिंग स्पंजने हलकेच घासा, कडांना अजिबात नाही, मग ग्लॉस आणि त्यावर मॅट. कॅन वापरत असाल तर अंतर २० ते ३० सेंटिमीटर, फवारा आकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. खोली हवेशीर असू द्या आणि सॉल्व्हंटच्या वाफेसाठी असलेला रेस्पिरेटर लावाच, कापडी मास्कने वाफ अडत नाही.

*

थंडीतला अनुभव. गॅरेजमध्ये रात्री पाण्यातलं व्हार्निश लावलं की सकाळी ते पांढरं, भुकटीसारखं झालेलं असायचं. अॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळून सलग पडदा होतात, आणि त्यासाठी किमान ऊब लागते. १० अंश सेल्सियसच्या खाली बऱ्याच व्हार्निशांना ते जमत नाही. नंतर ऊब दिली तरी असा थर सहसा सुधारत नाही, काढावाच लागतो. आता आकृती, बाटली आणि मी, तिघंही आधी उबदार खोलीत. स्प्रे कॅन थंड असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ उभा करावा, गरम पाण्यात कधीही नाही, कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते ती उगाच नाही. हेअर ड्रायरही मंद आणि लांबून, नाहीतर रेझिनची तलवार वाकते.

*

डोळे, भिंगं, पाण्याचे थेंब यांसाठी यूव्ही रेझिन वापरते. दिव्याखाली धरूनही वरची साय चिकट राहते, कारण हवेतला ऑक्सिजन वरच्या थराचं कडक होणं रोखतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा असं सगळीकडे वाचायला मिळतं. कृपा करून आकृतीवर जपून पुसा! तेच अल्कोहोल अॅक्रिलिक रंग उतरवायला वापरतात. मी कापसाच्या काडीचं टोक जेमतेम ओलं करते आणि फक्त रेझिनलाच लावते. त्याहून सोपं म्हणजे त्या थेंबावर ग्लॉस व्हार्निशचा एक ठिपका.

*

धातूच्या रंगाबद्दल माझं म्हणणं. मॅट व्हार्निशने चिलखताची चकाकी मरते आणि पोलाद राखाडी रंगासारखं दिसतं. म्हणून मी आधी सगळ्या आकृतीला ग्लॉस देतो, संरक्षण खरं त्याचंच, मग सगळीकडे मॅट. ते सुकल्यावर तलवारीच्या धारेवर, बक्कलांवर आणि चिलखताच्या उंच कडांवर धातूचा रंग पुन्हा बारीक ब्रशने लावतो आणि तेवढ्याच भागाला सॅटिन देतो. डोळ्यांना ग्लॉसचा ठिपका, ओठांना सॅटिन, कापड आणि चामडं मॅटच राहू देतो. खेळात रोज हाताळल्या जाणाऱ्या आकृत्यांच्या टोकांना, म्हणजे भाल्याला, टोपीच्या कडेला, ग्लॉसचा आणखी एक हात मॅटच्या आधी द्या. रंग सगळ्यात आधी तिथूनच उडतो.